अंगणात कोर्ट उभारणारा डॉक्टर

अल्थिया गिब्सन आणि आर्थर अ‍ॅश ही नावे टेनिसप्रेमींना नव्याने सांगावी लागत नाहीत. गिब्सनने १९५७ मध्ये, तर अ‍ॅशने १९७५ मध्ये विम्बल्डनची एकेरी जिंकली. स्त्रियांत आणि पुरुषांत हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. या दोघांनाही घडवणारे एक मातीचे कोर्ट व्हर्जिनियातील लिंचबर्ग या गावी पिअर्स स्ट्रीटवरील एका घराच्या आवारात होते. ते उभारणारे डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाहीत.

१८९९ मध्ये जन्मलेले जॉन्सन पेन्सिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठात अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलमध्ये चमकले. त्यांच्या वेगामुळे त्यांना 'व्हर्लविंड', म्हणजे वावटळ, हे टोपणनाव पडले. नॅशव्हिल येथील मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी लिंचबर्गमध्ये व्यवसाय थाटला. तेथील जनरल हॉस्पिटलमध्ये काम करण्याचा अधिकार मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर.

टेनिसची गोडी त्यांना फुटबॉल सुटल्यावर लागली. परंतु खेळायचे कोठे? वर्णभेदाच्या त्या काळात गोऱ्यांच्या क्लबांचे दरवाजे त्यांना बंद होते. डॉक्टरांनी घराशेजारीच कोर्ट तयार करून घेतले. कृष्णवर्णीयांसाठी १९१६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन टेनिस असोसिएशनच्या स्पर्धांत ते उतरू लागले आणि पुढे गिब्सनसमवेत त्यांनी मिश्र दुहेरीचे विजेतेपद सात वेळा पटकावले.

गिब्सन त्यांच्या दृष्टीस पडली ती १९४६ मध्ये, ओहायोतील स्पर्धेत. अंतिम सामना ती हरली. पण जॉन्सन आणि त्यांचे मित्र डॉ. ह्युबर्ट ईटन यांनी तिचे पाणी जोखले. शाळेचे दिवस तिने विल्मिंग्टनला ईटन यांच्या घरी काढावेत आणि उन्हाळा लिंचबर्गला, असे ठरले. ईटन यांच्याकडेही घरचे कोर्ट होते, हा योगायोग म्हणता येणार नाही. ज्यांना सार्वजनिक मैदान मिळत नव्हते, त्यांना ते स्वतःच्या जमिनीवर आखावे लागत होते.

पुढे दर उन्हाळ्यात मुलांची शिबिरे भरू लागली. खर्चाचा मोठा भार डॉक्टरच उचलत. मुले झाडूच्या दांड्याने चेंडू मारण्याचा सराव करीत, कोर्टातील तण उपटीत, मातीवर रूळ फिरवीत, गुलाबाची झाडे छाटीत. १९५३ मध्ये दहा वर्षांचा अ‍ॅश आला, तेव्हा त्याने डॉक्टरांच्या मुलाने शिकवलेली पद्धत मानण्यास नकार दिला. आपले रिचमंडचे प्रशिक्षक निराळे सांगतात, हे त्याचे कारण. डॉक्टरांनी वडिलांना फोन केला. वडील मोटार हाकीत आले, मुलाला समज देऊन परतले. प्रश्न तेथेच मिटला.

त्यांची शिस्त केवळ खेळाची नव्हती. रेषेबाहेर दोन इंचांपर्यंत पडलेला प्रतिस्पर्ध्याचा चेंडू आत पडल्याचे मानून खेळावा, बाजू बदलताना चेंडू त्याच्या हाती द्यावेत, पंचांशी हुज्जत घालू नये, असे नियम होते. एका मुलाने राग दाखवला तर सर्वांनाच दार बंद होईल, ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. तरीही अन्याय सोसणाऱ्या लहानग्यांनीच दुप्पट सभ्य असावे, ही अपेक्षा आज वाचताना टोचते. अ‍ॅशच्या संयमाचे पुढे जगभर कौतुक झाले. त्याची किंमत तो लहानपणीच मोजत होता.

शार्लट्सव्हिल येथील आंतरशालेय राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या मुलांना प्रवेश मिळावा, म्हणून जॉन्सन यांनी आयोजकांचे मन वळवले. १९५१ मध्ये पाठवलेल्या पहिल्या मुलांचा धुव्वा उडाला. डॉक्टरांनी हाय खाल्ली नाही. दरवर्षी अधिक तयारीची मुले नेली. १९६१ मध्ये अ‍ॅशने ती स्पर्धा जिंकली.

१९६८ मधील अ‍ॅशचे अमेरिकन ओपन विजेतेपद त्यांनी पाहिले. विम्बल्डन मात्र राहून गेले. जून १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव लागण्यास २००९ साल उजाडले. पिअर्स स्ट्रीटवरील ते कोर्ट मधल्या काळात दुर्लक्षित राहिले होते. २०१८ मध्ये ते दुरुस्त करून पुन्हा खेळण्याजोगे करण्यात आले.