सार्वजनिक काका



मागच्या वेळी आपल्या शाळेत बालबाजार भरला होता. कुणी पणत्या आणल्या होत्या, कुणी केरसुण्या, कुणी कागदाची फुलं. मी आजीनं शिवलेली लहान गोधडी आणली होती. पुष्कळांनी ती हातात घेऊन बघितली. टाके चांगले आहेत असंही बोलले. पण किंमत ऐकली की ठेवून द्यायचे. एवढ्या पैशात दुकानात चादर येते, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी गोधडी तशीच घरी आली. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्गात एका थोर माणसाची माहिती सांगितली. ती मी इथं लिहीत आहे.

त्यांचं नाव गणेश वासुदेव जोशी. त्यांचा जन्म ९ एप्रिल १८२८ रोजी सातारा येथे झाला. पुढे ते पुण्यात येऊन वकील झाले. लोकांच्या अडचणी सरकारपुढे मांडण्यासाठी त्यांनी २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन केली. रात्रंदिवस ते सभेच्या कामात असत. म्हणून लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले. आजही त्यांना याच नावाने ओळखतात.

त्या काळी आपल्या देशावर इंग्रजांचं राज्य होतं. इंग्लंडच्या गिरण्यांतलं कापड बोटीत भरभरून इकडे यायचं. ते यंत्रावर झटपट निघायचं, म्हणून स्वस्त पडायचं. आपल्याकडचे साळी, कोष्टी हातमागावर विणायचे, बाया चरख्यावर सूत कातायच्या. त्याला वेळ लागायचा. साहजिकच गिऱ्हाईक स्वस्त कापडाकडे वळलं. माग बंद पडले अन् कारागिरांच्या हाताला काम उरलं नाही. त्यांच्या अंगात कला नव्हती असं नाही. माल घ्यायला कुणी नव्हतं, एवढंच.

काकांनी हे ओळखलं. पण लोकांना उपदेश करण्याआधी त्यांनी स्वतःपासून सुरुवात केली. १२ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी स्वदेशीची शपथ घेतली. ते स्वतः सूत कातू लागले आणि खादी वापरू लागले. एवढे मोठे वकील, पण सूत कातायला त्यांना कधी लाज वाटली नाही.

नुसतं आपण वापरून भागत नाही, हेही त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढलं. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा वस्तू आपल्याच लोकांनी बनवाव्यात म्हणून त्यांना मदत केली. त्यासाठी पदरचे पैसे घातले. पण बनवलेला माल विकायचा कुठं? तर पुणे, सातारा, नागपूर, मुंबई, सुरत अशा ठिकाणी देशी मालाची दुकानं निघाली, ती काकांच्या प्रोत्साहनामुळेच. देशी वस्तूंची प्रदर्शनंही त्यांनी भरवली. आपल्या बालबाजारासारखंच की ते!

१८७७ साली दिल्लीला इंग्रजांनी मोठा दरबार भरवला. राजेमहाराजे रेशमी पोशाख अन् हिरेमोती घालून आले होते. सार्वजनिक सभेच्या वतीने काकाही गेले. त्यांच्या अंगावर हातसुताच्या पांढऱ्या खादीचे साधे कपडे होते. बघा, केवढं हे धाडस!

पुढे १८७९ साली क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांच्यावर खटला भरला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र घ्यायलाही काका पुढे आले. २५ जुलै १८८० रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या हयातीत परदेशी कापड थांबलं नाही. पण पुढे १९०५ साली स्वदेशीची मोठी चळवळ झाली अन् त्यानंतर महात्मा गांधींनी खादी घराघरात नेली. त्या वाटेवर काका कितीतरी आधी चालले होते.

ही वाट आपल्या भागापर्यंतही आली आहे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत आपला राष्ट्रध्वज तयार होतो. त्यासाठी उदगीरला खादी विणली जाते. म्हणजे आपण ज्या तिरंग्याला वंदन करतो, त्यातही कारागिरांच्या हाताचे कष्ट आहेत.

मित्रांनो, आपण माळेगावच्या जत्रेला जातो. पुडक्यावर छापलेली किंमत गुपचूप देतो. पण कुंभारानं मडक्याची किंमत सांगितली की लगेच घासाघीस सुरू करतो. हे बरोबर आहे का? प्रत्येक वस्तू हाताचीच घ्या असं मी म्हणत नाही. पण जी घ्याल तिची किंमत करताना, ती बनवायला किती दिवस लागले हे एकदा विचारा. आजीच्या गोधडीला पंधरा दिवस लागले होते. बालबाजारात मला हे कुणी विचारलं नाही, अन् खरं सांगायचं तर मलाही ते सांगायचं सुचलं नाही.

पुढच्या बालबाजारात ती गोधडी मी पुन्हा मांडणार आहे. या वेळी शेजारी एक कागद लावीन. त्यावर आजीचं नाव अन् लागलेले दिवस लिहीन. पालकहो, तुम्ही जरूर या.