सभागृहात हेलिकॉप्टर उडविणारी हाना राइट्श

नागपूरच्या वायुसेनानगरात हवाई दलाच्या अनुरक्षण कमानचे मुख्यालय आहे. त्यामुळे लष्करी हेलिकॉप्टरची घरघर या शहराला नवी नाही. १९९९ च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चित्ता हेलिकॉप्टर चालविले आणि वैमानिकाच्या आसनावरील स्त्रीही देशाच्या परिचयाची झाली. मात्र हेलिकॉप्टर उडविणारी जगातील पहिली स्त्री त्याच्या सहा दशके आधी जर्मनीत होऊन गेली. तिचे नाव हाना राइट्श. तिच्या धाडसाची कथा सांगताना तिच्या निष्ठेवरचा काळा डाग झाकता येत नाही.

सायलेशियातील हिर्शबर्ग (हे गाव आता पोलंडमध्ये आहे) येथे २९ मार्च १९१२ रोजी एका नेत्रतज्ज्ञाच्या घरी तिचा जन्म झाला. विमानातून फिरणारी मिशनरी डॉक्टर होण्याचे तिच्या मनात होते. ग्लायडिंगचा नाद लागला आणि वैद्यकीय शिक्षण मागे पडले. १९३७ मध्ये रेख्लिनच्या लष्करी केंद्रात ती चाचणी वैमानिक म्हणून दाखल झाली.

हेन्रिख फोके यांनी बनविलेले एफडब्ल्यू ६१ हे हेलिकॉप्टर तिच्या हाती आले ते त्याच काळात. त्याच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या दांड्यांवर एकेक पंखा असे. दोन्ही पंखे परस्परविरुद्ध फिरत, त्यामुळे यंत्र स्वतःभोवती गरगरत नसे. फेब्रुवारी १९३८ मध्ये हानाने बर्लिनच्या डॉइशलांडहाले या बंदिस्त सभागृहात हजारो प्रेक्षकांसमोर ते उडविले. डोक्यावर छत, सभोवती माणसे, आणि पंख्यांनी खाली लोटलेली हवा भिंतींवर आदळून परतणारी. अशा जागेत ते जागच्या जागी तरंगविणे, मागे व आडवे सरकविणे यासाठी हातांचे विलक्षण नियंत्रण हवे. अर्थात, हा खेळ नाझी राजवटीच्या प्रचारासाठीच मांडलेला होता.

ऑक्टोबर १९४२ मध्ये मेसरश्मिट १६३ या विमानाच्या चाचणीत अपघात होऊन तिचा चेहरा व कवटी भंगली. अनेक महिने ती रुग्णालयात होती. बरी होताच ती पुन्हा उडू लागली. १९४४ मध्ये तिने आत्मघाती वैमानिकांचे पथक उभारण्याची योजना खुद्द हिटलरपुढे मांडली आणि त्यासाठी व्ही-१ बॉम्बची माणूस बसू शकेल अशी आवृत्ती स्वतः उडवून पाहिली. त्याच वर्षी विषारी वायूच्या कोठड्यांविषयीची पुस्तिका तिच्या हाती पडली. तिने हिमलरला जाब विचारला, त्याने इन्कार केला आणि तिने तो मानला. असा विश्वास ठेवणे सोयीचे होते, हे उघड आहे.

२६ एप्रिल १९४५ रोजी रशियन तोफांनी वेढलेल्या बर्लिनमध्ये जनरल ग्राइमसोबत ती छोट्या श्टोर्क विमानातून शिरली. ग्राइमच्या पायाला गोळा लागताच तिने त्याच्या खांद्यावरून हात पुढे घालून विमान ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळ उतरविले. दोन-तीन दिवस हिटलरच्या तळघरात राहून दोघे बाहेर पडले. काही दिवसांतच तिच्या वडिलांनी रशियनांच्या भीतीने कुटुंबाला संपवून आत्महत्या केली. ग्राइमनेही मे महिन्यातच जीव दिला.

अमेरिकनांच्या कैदेतून सुटल्यावर ती ग्लायडिंगकडे परतली. १९५९ मध्ये ती भारतात आली आणि दिल्लीवरून पंडित नेहरूंना ग्लायडरमधून फिरवून आणले. पुढे घानात एन्क्रुमा यांच्या आमंत्रणावरून तिने ग्लायडिंग शाळा चालविली. पश्चात्तापाची भाषा तिने कधी केली नाही. २४ ऑगस्ट १९७९ रोजी फ्रँकफर्ट येथे तिचे निधन झाले. महिला हेलिकॉप्टर वैमानिकांच्या 'व्हर्ली गर्ल्स' या संघटनेच्या नोंदीत पहिल्या क्रमांकावर आजही तिचेच नाव आहे.