आडनाव त्याने निवडलं, रिपोर्टवर ते अजून छापलं जातं

पोलिओ रविवारी बूथवर जाऊन दोन थेंब घेतलेली आणि करंगळीवरची शाई मिरवलेली आपली पिढी. पण ते थेंब बनवणाऱ्या माणसाचं नाव विचारलं, तर आपल्यातले बरेच जण गप्प!

अल्बर्ट साबिन. जन्म १९०६ चा, आज पोलंडमध्ये असलेल्या बियालिस्टोकचा. ज्यू कुटुंब, मूळ आडनाव सापरस्टाइन. १९२१ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत आलं. डेंटिस्ट असलेल्या एका नातेवाइकाने खर्च उचलला, अट एकच, पोराने पण डेंटिस्ट व्हायचं. पोराने मध्येच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या कथांचं एक पुस्तक वाचलं आणि दातांना रामराम ठोकला. अर्थात पैसे बंद. तरी १९३१ मध्ये तो डॉक्टर झालाच. आडनाव आदल्याच वर्षी बदललं होतं.

पोलिओचा विषाणू आतड्यात वाढतो, हे साबिनने ओळखलं. मग लस तोंडावाटेच का नको? सिनसिनाटीच्या प्रयोगशाळेत त्याने जिवंत पण दुबळे केलेले विषाणू निवडले, स्वतः घेतले, बायको-मुलींना दिले. अमेरिकेत तोवर साल्कची इंजेक्शनवाली लस सुरू होती. मोठी चाचणी झाली ती थेट सोव्हिएत संघात, ऐन शीतयुद्धात! १९५९ मध्ये तिथे एक कोटीहून जास्त मुलांना ही लस मिळाली. पेटंट साबिनने घेतलं नाही.

खरी गोची इथून पुढे आहे. लसीतला विषाणू जिवंत, म्हणजे तो शौचावाटे बाहेर पडणार. मग लस घेतलेल्या एखाद्या मुलाचा पाय लुळा पडला आणि शौचात पोलिओचा विषाणू सापडला, तर तो कुठला? लसीतला की रानटी? मायक्रोस्कोपखाली दोघं सारखेच दिसतात.

साबिनच्या काळात यावर एक साधी युक्ती होती. विषाणू ४० अंश सेल्सिअसला वाढवून बघायचा. रानटी मजेत वाढतो, लसीतला ढेपाळतो. पण माणसाच्या आतड्यातून फिरून आलेला लसीचा विषाणू बदलतो, कधी कधी ४० अंशांनाही वाढायला लागतो. झालं, टेस्ट फसली.

साठच्या दशकात अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी काही मोजक्या केसेसचा संबंध लसीशी जोडला. साबिन ते मानायलाच तयार नव्हता, वर्षानुवर्षं भांडत राहिला. मला वाटतं, इथे तो चुकला. लाखो डोसमागे एखादी का होईना, अशी केस होते, हे आता पक्कं माहीत आहे.

साबिन १९९३ मध्ये गेला. आता विषाणूच्या एका जनुकातली सुमारे ९०० अक्षरं वाचून मूळ लसीशी ताडली जातात. वर्षाला साधारण एक टक्का अक्षरं बदलतात, त्यामुळे तो किती दिवस फिरतोय तेही कळतं. टाइप १ आणि ३ मध्ये दहापेक्षा कमी बदल असतील तर तो लसीचाच. दहा किंवा जास्त असतील तर लसीतून निघून समाजात फिरलेला, म्हणजे धोक्याची घंटा. टाइप २ साठी सहा बदलही पुरतात. आपल्याकडे ही तपासणी मुंबईत, परळच्या एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्रात होत आली. मूल अचानक लुळं पडलं की त्याच्या शौचाचे दोन नमुने घेतात, लॅबला जाईपर्यंत ते बर्फात ठेवतात. विषाणू लसीचाच निघाला तर रिपोर्टवर दोन शब्द येतात : साबिन लाइक.