चित्रांतून वाचायला शिकवणाऱ्या सुखलताबाई राव

आगमन शताब्दीच्या या स्मरणिकेत आपल्या पूर्वजांच्या कष्टांविषयी बरेच लेख आहेत. आम्ही येथे ज्या बाईंचे चरित्र देत आहोत, त्या गिरमिटावर कधी गेल्या नाहीत. त्यांची मातृभाषाही मराठी नव्हती. त्या बंगाली होत्या आणि मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्या भारतातील पहिल्या काही स्त्रियांपैकी एक होत्या. तरीही आपले त्यांच्याशी दोन बाजूंनी नाते लागते. त्यांचे सासर मूळचे मराठी घराणे होते, आणि त्यांच्या आईच्या वडिलांनी गिरमिटात अडकलेल्या मजुरांची दैना जगापुढे मांडली होती. म्हणून सुखलताबाई राव यांची ओळख आपल्या मंडळींना असावी, असे आम्हाला वाटते.

सुखलताबाईंचा जन्म १८८६ साली झाला. त्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टरकीची पदवी मिळवली. सुखलताबाईंचे वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे लेखक, चित्रकार, संगीताचे जाणकार आणि पुढे मुद्रक म्हणून नावाजले. आईचे नाव विधुमुखी. कलकत्त्यात कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरील तेरा क्रमांकाच्या मोठ्या घरात हे कुटुंब राहत असे. समोरच ब्राह्मो समाजाचे मंदिर होते. त्याच घरात विधुमुखींचे वडील द्वारकानाथ गांगुली आणि त्यांच्या दुसऱ्या पत्नी कादंबिनी यांचे बिऱ्हाड होते.

या आजोबांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. द्वारकानाथ स्त्रीशिक्षणाचे कडवे कैवारी. १८६९ साली त्यांनी स्त्रियांच्या हक्कांसाठी 'अबलाबांधव' हे पत्र काढले. नात जन्मली त्या सुमारास ते आसामच्या चहामळ्यांत गेले आणि तेथील मजुरांचे हाल स्वतः पाहून आले. तेथेही करारपत्राचीच पद्धत होती. आरकाटी गोड बोलून माणसे गोळा करत आणि त्यांना करारावर अंगठा उमटवायला लावत. एकदा मजूर मळ्यात पोहोचला की त्याची सुटका नसे. १८८२ च्या कायद्याने पळालेल्या मजुराला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकारच मळेवाल्यांना होता. द्वारकानाथांनी हे सारे 'संजीवनी' या बंगाली साप्ताहिकात आणि 'बेंगॉली' या इंग्रजी पत्रात लिहून काढले. ही गुलामगिरीच आहे, असे त्यांनी उघडपणे मांडले.

आजी कादंबिनीही तशाच. १८८३ साली कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधर झालेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी त्या एक. पुढे त्या डॉक्टर झाल्या. दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालमधील हिंदी मजुरांनी सत्याग्रह केला, तेव्हा १९०८ साली कलकत्त्यात त्यांच्या पाठिंब्याची सभा कादंबिनीबाईंनी भरवली आणि मदतनिधीही उभा केला. १९१२ साली कोकणच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी गिरमिट बंद करण्याचा ठराव कायदेमंडळात मांडला. तो फेटाळला गेला, पण पाच वर्षांनी, १९१७ साली, भरती थांबली. ही पद्धत एका दिवसात मोडली नाही. त्याआधी कितीतरी माणसे वर्षानुवर्षे लिहीत आणि बोलत होती. सुखलताबाईंचे आजी-आजोबा त्यांतलेच.

अशा घरात मुलांच्या हाती पुस्तके लवकर आली. उपेंद्रकिशोरांनी मुलांसाठी रामायण लिहिले, चित्रे काढली, पण त्या काळच्या लाकडी ठशांनी चित्रांची पार दुर्दशा केली. ती त्यांच्या मनाला लागली. त्यांनी विलायतेहून साहित्य मागवले, हाफटोनची कला स्वतः अभ्यासून आत्मसात केली आणि १८९५ साली आपला छापखाना सुरू केला. हाफटोन म्हणजे चित्राचे बारीक ठिपक्यांत रूपांतर करून छापण्याची रीत. ठिपके लहानमोठे असले की उजेड-सावली उमटते. या कामात त्यांनी इतकी प्रगती केली की त्यांचे लेख लंडनच्या मुद्रणविषयक वार्षिकांत छापले गेले.

सुखलताबाई या भावंडांत सर्वांत मोठ्या. पाठचे सुकुमार पुढे बंगालीतील अजोड विनोदी बालकवी झाले. बहीण पुण्यलता यांनी या घरातील बालपणाच्या आठवणी लिहिल्या आहेत. सुखलताबाईंचे शिक्षण ब्राह्मो मुलींच्या शाळेत आणि नंतर बेथून कॉलेजात झाले. चित्रकला मात्र घरीच रुजली. रंग कसे मिसळायचे आणि छापताना रेघ कशी टिकते किंवा बिघडते, हे त्यांनी वडिलांच्या हाताखाली पाहिले. त्या काळी भल्या घरच्या मुलीने हौसेने चित्र काढावे, पण ते छापून आपल्या नावाने लोकांपुढे ठेवावे, ही गोष्ट दुर्मिळ होती. विलायतेत केट ग्रीनअवे यांची चित्रे घरोघर पोहोचली होती, बिआट्रिक्स पॉटर यांचा ससोबा पीटर १९०२ साली बाजारात आला होता. आपल्याकडे मात्र ही वाट बायकांसाठी अजून मळलेली नव्हती.

सुखलताबाईंची जलरंगातील चित्रे 'प्रवासी' मासिकात छापून येऊ लागली. त्यांनी देशोदेशीच्या परीकथा मुलांच्या बंगालीत सांगितल्या आणि त्यांना चित्रेही स्वतःच काढली. १९१३ साली वडिलांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक काढले, तेव्हा त्यात गोष्टी, कविता आणि चित्रे अशा तिन्ही अंगांनी त्यांचा हातभार होता. बेहुलेची कथा त्यांनी इंग्रजीत लिहिली, तिची चित्रेही त्यांचीच. लग्नाच्या रात्रीच सर्पदंशाने नवरा गेला, तेव्हा त्याचा देह तराफ्यावर घेऊन नदीतून दूरदेशी निघालेली ही नववधू बंगालच्या घराघरांत ठाऊक आहे. पाण्यावरच्या अशा प्रवासाची गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

आता सासरकडे वळू. सुखलताबाईंचा विवाह कटकच्या डॉ. जयंत राव यांच्याशी झाला. ओरिसात राव हे आडनाव कसे, असा प्रश्न वाचकांना पडेल. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १७५१ पासून १८०३ पर्यंत ओरिसावर होता. राज्य गेले, पण त्या काळात तिकडे गेलेली काही मराठी घराणी कटक-पुरीकडेच राहिली. जयंतरावांचे वडील मधुसूदन राव (१८५३ ते १९१२) अशाच घराण्यातले. ओडिया लोक त्यांना भक्तकवी म्हणतात. त्यांचे 'वर्णबोध' हे अंकलिपीचे पुस्तक १८९५ साली निघाले आणि ओरिसातील कितीतरी पिढ्या त्यावरून अक्षर शिकल्या. मराठी मुळाच्या माणसाने ओडिया मुलांना त्यांची बाराखडी दिली.

आमच्या मते आपल्यासाठी या चरित्रातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग हाच. राव घराण्यात आडनाव राहिले, पण लिहिण्याची भाषा ओडिया झाली. आपल्या पूर्वजांची नावे बंदरावरच्या कारकुनाने जशी ऐकली तशी नोंदवहीत लिहिली आणि आज आपण तीच आडनावे लावतो. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी मराठी आता आरतीपुरती उरली आहे. याचे दुःख आहेच. पण राव मंडळी दुःख करत बसली नाहीत. ज्या मुलांमध्ये राहिली, त्या मुलांना त्यांनी वाचायला शिकवले.

सुखलताबाई या घरात शोभून दिसल्या. कटकमध्ये त्यांनी बाळ-बाळंतिणींसाठी मातृ-शिशु मंगल केंद्र उभारले, स्त्रियांसाठी ओरिसा नारी सेवा संघ स्थापला आणि 'आलोक' नावाचे नियतकालिक संपादित केले. या सेवेबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. घर, संस्था आणि कुंचला ही तिन्ही कामे त्यांनी बरोबरच चालवली.

या काळात माहेरावर मोठे घाव पडले. १९१५ साली वडील गेले. १९२३ साली काळ्या आजाराने सुकुमार गेले, तेव्हा त्यांचे वय पुरते छत्तीसही नव्हते. त्यांचा मुलगा सत्यजित दोन वर्षांचा होता. पुढे छापखाना हातचा गेला, 'संदेश' बंद पडले. ज्या यंत्रांवर सुखलताबाईंची चित्रे छापली गेली होती, ती परक्यांची झाली. पण त्यांनी मुलांसाठी लिहिणे आणि चित्रे काढणे सोडले नाही. १९६१ साली तोच भाचा, चित्रपट दिग्दर्शक म्हणून जगभर नाव झालेला सत्यजित राय, 'संदेश' पुन्हा सुरू करता झाला, आणि ते पाहायला आत्याबाई हयात होत्या.

त्यांचे सर्वांत आवडते झालेले पुस्तक उतारवयातले. 'निजे पड़ो' हे त्याचे नाव, म्हणजे आपले आपण वाच. नुकतीच अक्षरओळख झालेल्या मुलासाठी सोपे शब्द आणि सोबत चित्रे, अशी त्याची मांडणी. मोठे माणूस जवळ नसले तरी मुलाने चित्राच्या आधाराने शब्दापर्यंत पोहोचावे, ही त्यामागची कल्पना. १९५६ साली या पुस्तकाला भारत सरकारचे पारितोषिक मिळाले. तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. १९६९ साली त्यांचे निधन झाले.

आजोबांनी ज्या मजुरांविषयी लिहिले, त्यांना समोरचा कागद वाचता येत नव्हता. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांचीही तीच गत होती. पाच वर्षे म्हणजे काय, पगार किती, परतीचे भाडे कोण देणार, हे सारे त्या कागदावर होते आणि त्याखाली त्यांचा अंगठा होता. नातीने आयुष्याच्या अखेरीस जे पुस्तक केले त्याचे नाव 'आपले आपण वाच' असावे, यात आम्हाला घराण्याचे एकच व्रत दिसते.

सीफ या अरबी शब्दाचा अर्थ किनारा. समुद्रात भराव घालून केलेल्या या वस्तीत आज आपली मुले वाढत आहेत. त्यांच्या कपाटात इंग्रजी चित्रांची पुस्तके भरपूर आहेत. आपल्या आजीच्या गोष्टींचे चित्रमय पुस्तक मात्र बहुतेक घरांत नाही. आमची एक विनंती आहे. घरात जे वडीलधारे असतील त्यांच्याकडून एकेक गोष्ट ऐकून घ्यावी, ती मुलांना चार-पाच सोप्या मराठी ओळींत लिहायला लावावी आणि चित्र मुलांनाच काढू द्यावे. मराठी कच्चे असले तरी हरकत नाही, चित्र आधार देईल. अशी दहा पाने जमली तरी मुलांना आपले आपण वाचायला मराठीतले एक छोटे पुस्तक होईल.

सुखलताबाई राव यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.