एका आण्याचा डास

सिरोंच्याला प्राणहिता ओलांडली की तेलंगण लागतं. त्याच तेलंगणातल्या सिकंदराबादला १८९७ साली एका डॉक्टरने मायक्रोस्कोपखाली जे पाहिलं, त्याचं मोल गडचिरोलीच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. इथे पावसाळा संपता संपता घरोघरी थंडी वाजून ताप येतो आणि त्या तापाला आपण हिवताप म्हणतो.

त्या डॉक्टरचं नाव रोनाल्ड रॉस. १३ मे १८५७ रोजी अल्मोड्याला त्याचा जन्म झाला. मेरठला उठाव होऊन तेव्हा तीनच दिवस झाले होते. वडील फौजेत अधिकारी. मुलाला कविता आणि चित्रं आवडायची, पण वडिलांनी त्याला लंडनला डॉक्टरकी शिकायला पाठवलं. १८८१ साली तो भारतात सरकारी वैद्यकीय सेवेत आला.

हिवतापाचे जंतू माणसाच्या रक्तात असतात, हे फ्रेंच डॉक्टर लाव्हेराँ याने १८८० मध्ये अल्जीरियात पाहिलं होतं. १८९४ साली लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी रॉसला ते जंतू भिंगातून दाखवले. हा आजार डासांशी जोडलेला असावा, असा मॅन्सन यांचा अंदाज होता. तो खरा आहे का, हे शोधायचा ध्यास घेऊन रॉस सिकंदराबादला आला.

दोन वर्षं तो डास चिरत राहिला. ते चुकीच्या जातीचे होते, त्यामुळे हाती काही लागेना. उकाडा असह्य, पण पंखा चालवता येत नसे, कारण चिरलेला डास उडून गेला असता. घामाने मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले आणि उरलेल्या एकाच नेत्रभिंगाला तडा गेला. तरी त्याने सब्र सोडला नाही.

ऑगस्ट १८९७ मध्ये त्याला ठिपकेदार पंखांचे वेगळे डास मिळाले. १६ ऑगस्टला हुसेन खान नावाचा हिवतापाचा रुग्ण मच्छरदाणीत झोपला. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा ठरला होता. दहा डास चावले, दहा आणे मिळाले. २० ऑगस्टला रॉसने त्यातल्या एका डासाचं पोट उघडलं. पोटाच्या भिंतीत गोल पेशी दिसल्या आणि त्यांत काळे कण होते. हिवतापाच्या जंतूत असतात तसेच. दुसऱ्या दिवशी शेवटच्या डासात त्या पेशी मोठ्या झालेल्या होत्या. म्हणजे जंतू डासाच्या अंगात वाढत होता.

पण शोध पुरा होण्याआधीच त्याची बदली राजपुतान्यात खेरवाड्याला झाली. पुढे १८९८ मध्ये कलकत्त्याला त्याने पक्ष्यांच्या हिवतापावर काम केलं. मोहम्मद बक्श हा मदतनीस तिथे त्याच्यासोबत होता. जुलैमध्ये डासाच्या लाळग्रंथीत जंतू सापडले आणि डास चावताना ते शरीरात शिरतात, हे स्पष्ट झालं. माणसाच्या बाबतीतला पुरावा त्याच वर्षी इटलीत ग्रासी यांनी दिला. श्रेयावरून दोघांत कडवट वाद झाला. १९०२ सालचं नोबेल रॉसला मिळालं. १९३२ साली तो वारला.

आज भामरागड किंवा एटापल्लीच्या आरोग्य केंद्रात तंत्रज्ञ काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरतो, त्याला रंग देतो, भिंगाला तेल लावतो आणि एकेक भाग निरखून पाहतो. कुठे मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून संगणकाकडून जंतू मोजून घेण्याचे प्रयत्नही होतात. पण काचपट्टी नीट बनली नसेल, किंवा पाहणाऱ्याने घाई केली असेल, तर जंतू सुटतो. फाल्सिपेरम जातीचा हिवताप मेंदूपर्यंत गेला, तर वेळ फार थोडा उरतो. म्हणून ताप आला की रक्त तपासून घेणं आणि तपासणाऱ्याने धीराने पाहणं, दोन्ही तितकंच जरुरीचं.

रॉसच्या नावाचं स्मारक सिकंदराबादेत आहे. त्याने स्वतःच्या लेखनात हुसेन खानचं नाव लिहून ठेवलं, म्हणून मच्छरदाणीत निजून हात पुढे करणारा तो माणूसही आज आपल्याला ठाऊक आहे.