एल्विस प्रेस्ली : एका गायकाचा उत्कर्ष व अस्त

कीर्ति मिळविणें कठीण. परंतु ती पचविणें त्याहूनही कठीण. एल्विस प्रेस्ली याचें चरित्र वाचतांना आम्हांस याची पदोपदीं आठवण होते.

अमेरिकेंतील मिसिसिपी संस्थानांत ट्युपेलो या गांवीं, दोन खोल्यांच्या घरांत, ता. ८ जानेवारी १९३५ रोजीं त्याचा जन्म झाला. त्याचा जुळा भाऊ मृतच उपजला; त्यामुळें आईची सारी माया या एकुलत्या मुलावर जडली. आईबापांबरोबर उपासनामंदिरांत ऐकलेलीं भक्तिगीतें हेंच त्याचें पहिलें संगीतशिक्षण होय.

१९४८ सालीं हें गरीब कुटुंब मेंफिस शहरीं आलें. हायस्कूलचा अभ्यास पुरा करून एल्विस मालमोटार हांकूं लागला. १९५४ मध्यें सॅम फिलिप्स यांच्या सन कंपनीनें त्याची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. तींतील एक गीत आर्थर क्रडप या कृष्णवर्णी गायकाचें होतें. क्रडपला मात्र हयातींत त्याचा पुरेसा मोबदला मिळाला नाहीं, हें विसरून चालणार नाहीं. गोऱ्यांचें ग्रामीण गीत व कृष्णवर्णीयांचें ब्लूज एल्विसच्या कंठांत एक झालें, आणि रॉक अँड रोल या नव्या संगीताचा तो सर्वांत प्रसिद्ध गायक ठरला. सप्टेंबर १९५६ मध्यें दूरचित्रवाणीवर सुमारें ६ कोटि लोकांनीं त्याला पाहिलें. १९५७ सालीं त्यानें ग्रेसलँड नांवाचा वाडा घेतला व आईबापांस तेथें आणिलें.

परंतु १९५८ सालीं, तो लष्करांत असतांना, आई वारली. त्याला हक्कानें कान धरून सांगणारें माणूस तेव्हांच गेलें, असें आम्हांस वाटतें. व्यवस्थापक कर्नल पार्कर यानें त्याला एकामागून एक चित्रपटांत गुंतविलें. १९६८ च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमानें गेलेली कीर्ति परत आली खरी. तथापि अखंड दौरे, १९७३ चा घटस्फोट आणि औषधांचें व्यसन यांनीं शरीर पोखरलें. १९७० सालीं मादक पदार्थांविरुद्ध साह्य देऊं करण्यासाठीं तो राष्ट्राध्यक्ष निक्सन यांस भेटला होता. पण वैद्यांच्या चिठ्ठीनें मिळणाऱ्या गोळ्या त्याला सुटल्या नाहींत. भोंवतालचीं बहुतेक माणसें त्याच्याच पगारावर जगणारीं. त्याला अडविणार कोण? ता. १६ ऑगस्ट १९७७ रोजीं, अवघ्या ४२ व्या वर्षीं, ग्रेसलँडमध्येंच त्याचा अंत झाला.

एक गोष्ट मात्र लक्षांत ठेवण्याजोगी आहे. स्पर्धेंत त्यास मिळालेलीं ग्रॅमी पारितोषिकें तीन, आणि तीनही भक्तिगीतांसाठीं! बाळपणीं आईजवळ बसून ऐकलेले सूर त्यास शेवटपर्यंत सोडून गेले नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, टाळ्या वाजविणारे पुष्कळ भेटतील. चुकल्यास थांबविणारे थोडेच. त्यांचा राग मानूं नका. आणि पालकहो, मुलांच्या यशाचें कौतुक अवश्य करा. पण वेळप्रसंगीं नाहीं म्हणण्याचा आपला हक्क सोडूं नका.