डॉ. कोटणीस खरंच प्लेगने गेले? सिनेमातली ‘अमर कहानी’ आणि सोलापूरच्या डॉक्टरचं खरं आयुष्य

व्ही. शांताराम यांचा १९४६ चा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ पाहिला असेल, तर शेवट आठवत असेल. चीनमध्ये प्लेगशी झुंजणारा मराठी डॉक्टर, जपानी सैनिकांच्या तावडीतून सुटका आणि शेवटी त्याच प्लेगने मृत्यू. भूमिकेत स्वतः शांताराम, पत्नीच्या भूमिकेत जयश्री. सिनेमा इतका गाजला की अनेकांसाठी तेच डॉ. कोटणीसांचं चरित्र झालं. प्रत्यक्षात त्यांचा जीव प्लेगने घेतला नव्हता.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. पुढे शिकायचं, सर्जन व्हायचं, असा साधा मार्ग समोर होता.

इथे खान्देशचा एक धागा लागतो. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष होते पंडित नेहरू. पुढच्याच वर्षी जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं आणि चिनी सेनानी चू ते यांनी याच नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची मदत मागितली. तोवर काँग्रेसचे अध्यक्ष झालेल्या सुभाषबाबूंनी पथक उभं केलं. त्यात पाच डॉक्टर होते: अटल, नागपूरचे चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने ते मुंबईहून निघाले.

कोटणीस चीनमध्ये असतानाच वडील वारले. घर अडचणीत होतं, परतायला कारणही होतं. ते थांबले. एवढ्या एका निर्णयावर वेगळा सिनेमा निघाला असता, असं मला वाटतं.

१९३९ मध्ये पथक येनानला पोहोचलं. नंतर कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले. तिथे हॉस्पिटल म्हणजे आजच्यासारखी इमारत डोळ्यासमोर आणू नका. जपानी फौजा जवळ आल्या की जखमींसकट अख्खं हॉस्पिटल उठून दुसऱ्या गावात जायचं. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून याच भागात काम करत. ऑपरेशन करताना बोट कापलं गेलं, विष रक्तात भिनलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाच्या हॉस्पिटलचं प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आलं, वयाच्या तिशीत. चिनी ते इतकं शिकले की वर्ग त्याच भाषेत घेत. लोक त्यांना ‘क तिह्वा’ म्हणत.

तिथेच नर्सिंग शिकवणाऱ्या क्वो छिंगलान भेटल्या. १९४१ च्या अखेरीस लग्न झालं, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा. नाव ठेवलं यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन.

आणि आता मूळ प्रश्न. कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते. आपल्याकडे याला फिट म्हणतात. उपचारासाठी आघाडी सोडण्याचा सल्ला मिळाला, त्यांनी तो मानला नाही. रुग्ण, वर्ग आणि विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेलं शस्त्रक्रियेचं पुस्तक, सगळं चालूच राहिलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यांनीच त्यांचा अंत झाला. वय ३२, मुलगा साडेतीन महिन्यांचा, पुस्तक अपुरं.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी यावर पुस्तक लिहिलं, त्यावरून सिनेमा आला. पटकथेत प्लेग का आणला असेल, याचा अंदाज बांधता येतो. साथीशी लढणारा नायक पडद्यावर लगेच कळतो. फिट येणारा डॉक्टर दाखवणं त्या काळी अवघड होतं. फिट लपवण्याची सवय अनेक घरांत आजही आहे.

यिनह्वा डॉक्टरकीच शिकत होता. १९६७ मध्ये, पंचविशी गाठण्याआधीच तोही गेला. छिंगलान मात्र २०१२ पर्यंत होत्या आणि सासरच्या माणसांना भेटायला भारतात अनेकदा येऊन गेल्या. कोटणीसांची समाधी शिच्याच्वांगच्या शहीद स्मारकात आहे. सोलापुरातल्या त्यांच्या घरातही आता स्मारक आहे.